सही कुणाची लागते?

कौटुंबिक चित्रपट संपला आणि प्रेक्षक जिना उतरू लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं : "चांगला होता, पण भानगडी फार." कुणाला पात्रं जास्त वाटतात, कुणाला मोलकरणीचं प्रेमप्रकरण नको असतं, कुणाला धाकट्या मुलीचं. समीक्षक हीच तक्रार जरा भारदस्त शब्दांत मांडतात आणि तिला उपकथानकांची गर्दी म्हणतात. तक्रार खोटी नसते. निदान मात्र बहुतेक वेळा चुकतं, आणि चुकलेल्या निदानावर कात्री चालवली की नको तेच कापलं जातं.

पहिला घोळ नाती आणि उपकथानकं एकाच मापाने मोजण्यात आहे. १९९४ साली आलेला 'हम आपके हैं कौन' आठवा. पडद्यावर नात्यांचा नुसता पूर : व्याही, विहीण, दीर, मेहुणी, मामा-मामी, वर घरचेच झालेले नोकर. चौदा गाणी, तीन तासांहून जास्त लांबी. आणि गोष्ट? एकच. थोरली बहीण जाते, तिच्या तान्ह्या मुलासाठी धाकटीचं लग्न मेहुण्याशी ठरतं, आणि धाकटीचं मन त्याच्या भावावर आहे. उपकथानक असं जवळजवळ नाहीच. त्या चित्रपटाबद्दल नाकं मुरडणारे "लग्नाची व्हिडिओ कॅसेट" म्हणाले असतील, पण कोण कुणाचं काय लागतं हे कळेना झालं, असं कुणी म्हणालं नाही. नाती कितीही असली तरी प्रेक्षकाला ती पेलतात. मराठी माणूस लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यापासून वीस मिनिटांत चाळीस नाती जुळवतो. त्याचा जीव दमतो तो प्रत्येक नात्याच्या गळ्यात स्वतंत्र प्रश्न बांधला की.

म्हणून आधी हिशेब. १३० मिनिटांचा चित्रपट घ्या. सुरुवातीच्या-शेवटच्या नामावलीची पाच मिनिटं आणि चार गाण्यांची पंधरा वजा केली की एकशे दहा उरतात. मुख्य गोष्टीला निम्मी तरी द्यावीच लागतात. उरली पंचावन्न. एखादं उपकथानक जिवंत राहायला किमान चार प्रसंग लागतात : ते दिसावं, अडावं, मुख्य गोष्टीला येऊन धडकावं, आणि कुठेतरी बसावं. प्रसंग अडीच मिनिटांचा धरला तर दहा मिनिटं झाली. म्हणजे पाच उपकथानकं, फार तर सहा. सातवं-आठवं घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ मिनिटं येतात आणि चाराचे तीन प्रसंग होतात : सांगितलं, रडलं, मिटलं. जो गळतो तो नेमका धडकेचा. कारण तोच लिहायला अवघड असतो, आणि त्यासाठी दोन वेगळ्या धाग्यांतले नट एकाच दिवशी सेटवर हजर असावे लागतात.

हिशेब इथे थांबला असता तर उत्तर सोपं होतं, पाचाच्या वर घेऊ नका. पण पाच धागे असूनही विस्कळीत वाटणारे चित्रपट आहेत आणि आठ असूनही घट्ट बसलेले आहेत. तेव्हा आकडा सोडून दुसरीकडे पाहावं लागतं.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमीन विकायची किंवा घर एकाच भावाच्या नावावर करायचं तर काय होतं हे घरोघरी माहीत आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. मग प्रत्येकाची सही लागते. तीस वर्षं न बोलणाऱ्या काकांची लागते, सासरी गेलेल्या आत्याची लागते, अमेरिकेतल्या धाकट्याची तर वकिलातीतून साक्षांकित होऊन यावी लागते. कुणी हक्कसोडपत्र द्यायला तयार नसतं, कुणी एका जुन्या बोलण्याचा राग धरून बसतं. त्या एका सहीपायी प्रत्येकाच्या घरातलं सगळं बाहेर येतं : आत्याच्या नवऱ्याचं कर्ज, काकांच्या मुलाची नोकरी, धाकट्याचा घटस्फोट. एवढे धागे, पण विस्कळीत एकही वाटत नाही. कारण प्रत्येक धागा त्या कागदापाशी येऊन थांबतो.

कौटुंबिक चित्रपटाला लावायची कसोटी हीच. उपकथानकं किती, हे विचारू नका. घरासमोर जो निर्णय उभा आहे, त्यावर या माणसाची सही लागते का, ते विचारा. सही म्हणजे त्याचा होकार, त्याची हजेरी, त्याचे पैसे किंवा त्याचं गप्प बसणं. ती लागत असेल तर त्याचं घरचं दुखणं दाखवायला दहा मिनिटं खर्च करा. लागत नसेल तर तो माणूस ठेवा, त्याचं दुखणं काढा.

राजेश मापुसकरांच्या 'व्हेंटिलेटर'ला (२०१६) ही कसोटी लावून बघा. शंभराहून जास्त माणसं पडद्यावर येतात. गजानन कामेरकर रुग्णालयात कृत्रिम श्वासावर आणि गणपती चार दिवसांवर. ते गेले तर सुतक येणार, आणि सुतक आलं तर घरचा गणपती बसणार नाही. बस, एवढ्या एका पेचाने कोकणातल्या चुलत-मावस गोतावळ्यापासून मुंबईतल्या पुतण्यापर्यंत सगळ्यांना त्या खाटेशी बांधून टाकलं. ज्याला गजाकाकांबद्दल काडीचंही प्रेम नाही, त्यालाही ते कधी जातात याच्याशी देणंघेणं आहे. त्यांचा मुलगा प्रसन्न याचं वडिलांशी पटलेलं नाही. पुतण्या राजा, जो चित्रपट दिग्दर्शक आहे, त्याचं आपल्या वडिलांशी, म्हणजे भाऊंशी, अवघडलेलं आहे. हे दोन स्वतंत्र धागे नाहीतच, एकाच दुखण्याच्या दोन जागा आहेत. यंत्र काढायचं की ठेवायचं हा प्रश्न प्रसन्नसमोर येतो, तेव्हा तो राजालाही लागतो. या चित्रपटाला दिग्दर्शनाबरोबर संकलनाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे बोलकं आहे. एवढी गर्दी असूनही कोण कुठे आहे हे कळत राहतं, यात संकलक रामेश्वर भगत यांच्या कात्रीचा वाटा मोठा.

केंद्रस्थानी बोलू न शकणारं माणूस ठेवणं ही युक्ती तशी जुनी, आणि फार कामाची. एडवर्ड यांगच्या तैवानी 'यी यी'मध्ये (२०००) आजी बेशुद्ध आहे आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्याशी बोलत राहायचं आहे. त्या एका पलंगापाशी येऊन प्रत्येक जण उघडा पडतो. जवळजवळ तीन तासांच्या त्या चित्रपटात वडील, आई, मुलगी, छोटा मुलगा, मामा असे सगळ्यांचे धागे आहेत आणि तरी तो शांत वाटतो.

आता उलट उदाहरण. वाईट चित्रपटाचं उदाहरण घेऊन काही सिद्ध होत नाही, म्हणून चांगल्याचं घेऊ. राहुल चिटेला यांचा 'गुलमोहर' (२०२३). सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. शर्मिला टागोर दहा-बारा वर्षांनी पडद्यावर परतल्या, मनोज वाजपेयी आणि आपले अमोल पालेकर सोबतीला. अभिनय, घराचा पोत, संवाद, सगळं नेटकं. तरीही "धागे जरा जास्तच" ही तक्रार त्याच्याबद्दल होते, आणि ती रास्त आहे.

धागे मोजू. कुसुम बत्रा दिल्लीतलं घर विकून पुद्दुचेरीला जाणार. तिचा दत्तक मुलगा अरुण, त्याच्या दत्तकपणाचा आणि मृत्युपत्राचा प्रश्न. अरुणचा मुलगा आदित्य, त्याला वेगळं राहायचंय, स्वतःच्या पायावर उभं राहायचंय. नात अमृता, तिला आपण कोण आहोत, कुणावर प्रेम करतो हे उमगत चाललंय. कुसुमचा स्वतःचा भूतकाळ. दीर सुधाकर आणि त्याचं कुटुंब. मोलकरीण रेश्मा आणि पहारेकरी जितू यांचं हळूहळू फुलणारं नातं. सात झाले, बारीकसारीक सोडून.

सात म्हणून बोट ठेवायचं नाही. दुखतंय ते दुसरीकडे. कुसुम पहिल्याच पार्टीत जाहीर करते की घर विकलंय. म्हणजे चित्रपट सुरू होतो तेव्हाच निर्णय झालेला आहे. त्यावर कुणाचीच सही बाकी नाही. तिची मागणी एवढीच की होळीपर्यंत सगळ्यांनी एकत्र राहावं. त्यामुळे सातही धागे एका छताखाली आहेत खरे, पण एसटी स्टँडवर बसलेल्या प्रवाशांसारखे : शेजारी शेजारी, प्रत्येकाची गाडी वेगळी. सगळ्यांत पकड घेतो तो मृत्युपत्राचा धागा, आणि ते उघड आहे. तिथे खरोखरच एक कागद आहे आणि त्या कागदाने अरुणचं या घरातलं नातंच पालटू शकतं. खरं तर आदित्यचा धागाही त्याला सहज जोडता येतो : आपण कुणाच्या रक्ताचे नाही हे सलणारा बाप आणि बापाचं काहीच नको असलेला मुलगा. हे दोघे समोरासमोर येतात तेव्हा चित्रपट उंच जातो. रेश्मा-जितूच्या धाग्यात मात्र ती जोडणी कच्ची राहिली. घर मोडलं की त्यांचंही छप्पर जाणार, म्हणजे जोडायला जागा होती. पण त्यांचे प्रसंग बहुतेक त्यांच्यातच घडतात. अमृताचा धागा आजीच्या भूतकाळामुळे तरतो, घरामुळे नव्हे.

त्याच जातीचं नोकरांचं प्रेम मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'मध्ये (२००१) आहे. मांडव घालणारा दुबे आणि घरात काम करणारी ॲलिस. तिथे ते उपरं वाटत नाही, कारण दुबे सतत काम करताना दिसतो. मांडवाचे पैसे, ताडपत्री, झेंडूची फुलं (जी तो मधूनच खातोही) यातून तो लग्नाच्या यंत्रातला एक स्क्रू झालेला आहे. पाऊस आला की घरमालकाची आणि त्याची काळजी एकच. शेवटी त्या दोघांनाही मांडवात नाचायला ओढलं जातं, ते या घरचेच असल्यासारखे. हा चित्रपट दोन तासांच्या आत पाच-सहा धागे नेतो आणि सगळ्यांत जड धागा नेमका सहीच्या जागी आणून ठेवतो. पुतणी रिया सांगते की नात्यातल्या तेजने तिच्या लहानपणी तिच्यावर अत्याचार केला. हा तेज घरचा उपकारकर्ता आहे, रियाच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्चही तो उचलणार आहे. त्याला हाकललं तर लग्नघर हादरतं. ललित वर्माला ठरवावं लागतं, आणि तो त्याला निघून जायला सांगतो. इथे उपकथानक मुख्य कथानकाला नुसतं भिडत नाही, ते त्याचं मोल वसूल करतं.

आपल्याकडे मात्र एक वेगळीच रीत पडत चालली आहे. पात्र तितके विषय. थोरलीला वैधव्य, मधलीला सासुरवास, तिसरीला घटस्फोट, चौथीला कर्ज, पाचवीच्या मुलाला व्यसन, सहावीला रजोनिवृत्ती. रेशनच्या दुकानात माणशी पाच किलो द्यावेत तसं वाटप. पटकथेच्या बैठकीत "आजचे प्रश्न आले पाहिजेत" म्हटलं की हे होतं. निर्मात्यालाही सोयीचं, कारण प्रत्येक वयाच्या प्रेक्षकाला आपलं काहीतरी सापडेल असा हिशेब असतो. पण मग प्रत्येक बाई आपल्या विषयाची प्रतिनिधी होते आणि बहिणीची बहीण राहत नाही.

केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'वर (२०२३) हा आक्षेप घेता येतो. सहा बहिणी, सहा घरं, प्रत्येकीचं वेगळं. तरी तो चित्रपट तुफान चालला, बायकांचे गट रिक्षा-बस करून थिएटरात गेले, आणि याला निव्वळ भावनिक आवाहन म्हणून झटकून टाकणं आळशीपणाचं होईल. तिथे मंगळागौरीची स्पर्धा आहे. फुगडी एकटीने होत नाही. सहा जणींच्या सहा सह्या लागतात, त्या मिळेपर्यंत संघ उभा राहत नाही. प्रत्येकीचा प्रश्न मिटण्याची घाई खटकते हे खरं, पण सराव सुरू झाला की चित्रपट गोळा होतो. मंगळागौर काढून जागी 'सहा बहिणींचं गेट-टुगेदर' ठेवून बघा, काय उरतं.

पटकथा लिहिताना ही कसोटी लावायचा एक साधा मार्ग आहे. कागदावर चौकट आखा. उभ्या आणि आडव्या बाजूला सगळ्या पात्रांची नावं. ज्या दोघांचा निदान एक प्रसंग फक्त दोघांत आहे, त्या घरात खूण करा. आठ माणसं असली तर अठ्ठावीस जोड्या होतात. सगळ्या भरायच्या नाहीत, दहा-बारा भरल्या तरी पुष्कळ. पण खुणा कुठे पडल्या ते पाहा. फसलेल्या पटकथेत त्या बहुतेक नवरा-बायको आणि आई-मुलगा या घरांत पडतात. जाऊ-जाऊ रिकामं, नणंद-भावजय रिकामं, सासरा-जावई रिकामं, चुलता-पुतण्या रिकामं. म्हणजे कुटुंबाच्या नावाखाली चार सुटी जोडपी दाखवली, कुटुंब दाखवलंच नाही. 'गुलमोहर'मध्ये आजी-नात हे घर भरलेलं आहे आणि चित्रपटातले सर्वांत ऊबदार क्षण तिथूनच येतात.

दुसरी गोष्ट ओळख करून देण्याची. पहिल्या सात-आठ मिनिटांत समारंभ ठेवून दहा तोंडं दाखवणं ही सर्वांत महाग पद्धत. प्रेक्षक कपडे बघतो, माणसं निसटतात. वर एकाच वयाचे, एकाच उंचीचे, दाढी राखलेले तीन नट भाऊ म्हणून घेतले की मध्यंतरापर्यंत थोरला कोण तेच कळत नाही. पहिल्या प्रसंगात तिघांहून जास्त नकोत, आणि चौथा यावा तो कुणाचं तरी काहीतरी अडवत. मराठीत तर एक साधन फुकट मिळतं. "वन्सं", "भावजी", "जाऊबाई", "आत्या", नुसती हाक मारली की बाजू, पिढी, मान, सगळं एका शब्दात कळतं. इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्यांचे आंटी नाहीतर इन-लॉ होतात, तो भाग निराळा. पण शहरी पटकथांत सगळे एकमेकांना नावाने हाक मारू लागले आणि हे साधन हातचं गेलं. मग लेखकाला असले संवाद घालावे लागतात : "तू माझा सख्खा भाऊ आहेस, रोहन!" सख्खा भाऊ सख्ख्या भावाला हे कधीही सांगत नाही.

तिसरी अडचण शेवटाची, आणि तिथेच "फार झालं" ही भावना पक्की होते. सात धागे उघडले की शेवटच्या वीस मिनिटांत सात समेट. बाप-लेक गळाभेट, बहिणी-बहिणी गळाभेट, नवरा-बायको गॅलरीत, नोकर-मोलकरीण गच्चीवर. चौथ्या मिठीला प्रेक्षक मोबाईल काढतो. यावर संकलनाच्या टेबलावर गाण्याचं मलम लावतात : सगळे समेट एका गाण्यात, संवादाविना. वेळ वाचतो, पण न धडकलेला धागा गाण्यानेही बसत नाही. दोन धागे मध्यंतरानंतर लगेचच संपवून टाकणं आणि एखादा उघडाच ठेवणं हे धाडस लिहितानाच करावं लागतं. 'कपूर अँड सन्स'ने (२०१६) तर मिटवण्याची जागा मोडण्यासाठी वापरली. आजोबांना एकच हवंय, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. फोटोला सही नव्हे, हजेरी लागते. सगळे सजून एका चौकटीत येतात आणि तिथेच बापाचं प्रकरण, मोठ्या मुलाचं लपवणं, आईचा पक्षपात एकावर एक फुटतं. तीन उपकथानकं, एक प्रसंग. त्याच चित्रपटात नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर घरभर चाललेल्या भांडणात अडकतो, तो प्रसंगही याच कारणासाठी अभ्यासावा. सगळे एकाच वेळी बोलतायत आणि तरी प्रत्येकाचं भांडण वेगळं ऐकू येतं.

या सगळ्यामागे मालिकांची सवय आहे, असं म्हणायला जागा आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं मजकूर, आठवड्याला सहा भाग. म्हणजे जवळपास १३० मिनिटं. मालिकेचा एक आठवडा म्हणजे एक चित्रपट. मालिकेत धागे जास्त लागतातच. रोज कुणाचं तरी काहीतरी घडलं पाहिजे, मुख्य नटाच्या तारखा नसल्या की नणंदेचा ट्रॅक चालवता आला पाहिजे. तिथे 'ट्रॅक' हा शब्दच रूढ आहे, आणि रुळ समांतर जातात. मालिकेला ते चालतं. त्याच हाताने चित्रपट लिहिला की रुळांना सांधा पडत नाही.

"खऱ्या कुटुंबात असतंच की असं, कुठे सगळं एका निर्णयाशी बांधलेलं असतं?" असा प्रतिवाद होतो. बरोबर आहे. पण खऱ्या कुटुंबातही आपण सगळं एकदम कधी पाहतो? कुणी गेलं, कुणाचं लग्न निघालं, जागा विकायला काढली, तेव्हा. एरवी प्रत्येक जण आपापल्या खोलीत असतो.

महेश एलकुंचवारांनी १९८५ साली 'वाडा चिरेबंदी' हे नाटक नेमकं अशाच दिवसांत ठेवलं. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेले आहेत, मुंबईहून सुधीर आणि अंजली आले आहेत, आणि तेराव्याचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न आहे. थोरला भास्कर, वहिनी, चंदू, शिक्षण थांबवलेली प्रभा, आई, परागचं बिघडणं, रंजूचं शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाणं. दहा माणसं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. पण रंजू जाते ती घरातलं सोनं घेऊन, म्हणजे तिचं प्रेमप्रकरण सरळ खर्चाच्या वहीत येऊन पडतं. बाहेर बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे, त्याला माणसं ठेचकाळतात. तोही एक धागाच, आणि त्याला एका संवादाचाही वेगळा खर्च नाही.

त्या वाड्यात एक दादी आहे, थकलेली, आतून वारंवार वेळ विचारणारी. सहीची कसोटी लावली तर ती बसत नाही. कशावरच तिचा होकार लागत नाही, तिच्याकडे पैसे नाहीत, तिचं ऐकून कुणी काही बदलत नाही. कसोटीवर भरवसा ठेवून कुणी तिला कापायला घेईल. पण दादीला उपकथानक दिलेलंच नाही. ती नुसती वेळ विचारते, उत्तर मिळतं किंवा मिळत नाही, आणि समोरचे पुन्हा तेराव्याच्या हिशेबाला लागतात.